विश्लेषण : बदकांमधला विषाणू रूप कसा बदलतो? अंड्यात त्याचा माग काढणाऱ्या मॅकफार्लन बर्नेट यांची गोष्ट

राजूर (जि. जालना) : बर्ड फ्लूची बातमी आली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. चिकनचे भाव कोसळतात आणि मोबाइलवर अफवांचा पूर येतो. त्या गोंधळात मूळ प्रश्न मागेच राहतो. हा विषाणू येतो कुठून आणि दर काही वर्षांनी नवे रूप घेऊन कसा येतो?

भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव राजुरेश्वर गणपतीमुळे सर्वांना माहीत आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे या भागातही शेतकऱ्याच्या घरामागे दहा-वीस गावरान कोंबड्या असतात. बदके मात्र फारशी कोणी पाळत नाही. मग बदकांच्या विषाणूशी आपला काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण बर्ड फ्लूचे मूळ घर बदकांसारख्या पाणपक्ष्यांच्या आतड्यात आहे. कोंबडी ही त्याची नंतरची शिकार. या विषाणूची रूप बदलण्याची सर्वांत मोठी युक्ती सुमारे ७५ वर्षांपूर्वी एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरने प्रयोगशाळेत पाहिली होती. फ्लूच्या विषाणूची जनुके कशी रचलेली असतात, हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

त्या डॉक्टरचे नाव सर फ्रँक मॅकफार्लन बर्नेट. जगाला ते नोबेल विजेते म्हणून माहीत आहेत. पण नोबेल मिळाले ते वेगळ्याच कामासाठी. त्यांचे फ्लूचे काम समजून घेतले, तर आजच्या बर्ड फ्लूच्या बातम्या बऱ्याच सोप्या होतात.

बर्नेट कोण होते?

बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ट्रारॅल्गन या छोट्या गावात झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले आणि बँकेत व्यवस्थापक होते. सात भावंडांत बर्नेट दुसरे. १९०९ मध्ये कुटुंब टेरँग या गावी राहायला गेले. मुलगा अबोल होता. खेळापेक्षा त्याला रानात फिरून भुंगे गोळा करण्याची आवड होती. कोणता भुंगा कोणत्या झाडावर आणि कोणत्या ऋतूत सापडतो, याच्या नोंदी तो ठेवत असे. पुढे रोगजंतूंकडेही बर्नेट याच नजरेने पाहू लागले. जंतू म्हणजे केवळ शत्रू नव्हे, तो स्वतःचे घर शोधणारा एक जीव आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

जीलाँग येथील शाळेनंतर त्यांनी मेलबर्न विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले. ते विद्यार्थी असतानाच १९१८ची फ्लूची जागतिक साथ आली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक लोक दगावल्याचे अंदाज आहेत. हा आजार विषाणूमुळे होतो, हेदेखील तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

१९२२ मध्ये पदवी घेतल्यावर बर्नेट रुग्णसेवेऐवजी प्रयोगशाळेकडे वळले. मेलबर्नची वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूट हे त्यांचे आयुष्यभराचे ठिकाण ठरले. १९२५ ते १९२७ या काळात त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर संशोधन करून पीएच.डी. मिळवली. १९२८ मध्ये लिंडा ड्रूस यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस दिलेली १२ मुले दगावली. तपासाची जबाबदारी हॉल इन्स्टिट्यूटकडे आली. लसीच्या बाटलीत दुसऱ्याच जिवाणूची भेसळ झाली होती, हे दाखवण्यात बर्नेट यांचा वाटा होता.

अंडी प्रयोगशाळेत कशी आली?

१९३२ मध्ये बर्नेट दुसऱ्यांदा लंडनला गेले. या वेळी ते हॅम्पस्टेडच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत होते. तेथेच १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसातील फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला. त्यासाठी त्यांनी मुंगसासारखा दिसणारा फेरेट हा प्राणी वापरला. पण फेरेट महाग होते, त्यांना सांभाळणे अवघड होते आणि एका वेळी मोजक्याच प्राण्यांवर काम करता येत असे.

विषाणूची अडचण अशी की तो जिवंत पेशीतच वाढतो. जिवाणूसारखा तो बशीतल्या खाद्यावर वाढत नाही. अमेरिकेत अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी उबवणीच्या अंड्यात काही विषाणू वाढवून दाखवले होते. बर्नेट यांनी ही पद्धत फ्लूसाठी घासूनपुसून तयार केली. काही दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यात वाढणारा गर्भ असतो आणि त्याभोवती पातळ पडद्यांच्या पिशव्या असतात. कवचाला बारीक छिद्र पाडून त्या पिशवीत विषाणू सोडायचा, छिद्र बंद करायचे आणि अंडे पुन्हा उबेला ठेवायचे. दोन-तीन दिवसांत आतल्या द्रवात विषाणूंची प्रचंड संख्या तयार होते.

अंडे स्वस्त, स्वच्छ आणि हवे तेवढे मिळणारे. १९३४ मध्ये मेलबर्नला परतल्यावर बर्नेट यांनी हेच आपले मुख्य हत्यार बनवले. जगात फ्लूच्या बहुतांश लसी आजही अंड्यांतच तयार होतात.

पोपटांनी काय शिकवले?

बदकांचे कोडे समजण्यासाठी बर्नेट यांचे पोपटांवरील काम महत्त्वाचे आहे. पोपट पाळणाऱ्यांना न्यूमोनियासारखा एक आजार होतो, त्याला सिटॅकोसिस म्हणतात. तो विषाणूचा नसून एका जिवाणूचा आजार आहे. १९३०च्या दशकात बर्नेट यांनी ऑस्ट्रेलियातील रानटी पोपट तपासले, तेव्हा निरोगी दिसणाऱ्या अनेक पक्ष्यांत त्याचा जंतू आढळला. रानात तो पोपटांना फारसा त्रास देत नव्हता. पण तेच पक्षी पकडून पिंजऱ्यात दाटीवाटीने कोंडले की आजार उफाळत असे आणि जंतू माणसापर्यंत पोहोचत असे.

यातून त्यांनी एक साधा नियम मांडला. जंतू आणि त्याचा मूळ यजमान दीर्घकाळ एकत्र राहिले की बहुधा एकमेकांशी जुळवून घेतात. जंतू नव्या यजमानाच्या अंगात शिरतो किंवा माणूस प्राण्यांची गर्दी करतो, तेव्हा धोका वाढतो. हाच नियम पुढे बदके आणि कोंबड्यांना जवळपास तंतोतंत लागू पडणार होता.

ऑस्ट्रेलियातील कत्तलखान्यांच्या कामगारांत दिसलेल्या क्यू फीवर या तापाचा जंतूही बर्नेट आणि त्यांच्या सहकारी मेव्हिस फ्रीमन यांनी १९३७ मध्ये ओळखला. त्या जंतूच्या शास्त्रीय नावात आजही बर्नेट यांचे नाव आहे.

युद्धकाळातील लस का फसली?

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा १९१८सारखी साथ येईल, अशी लष्कराला भीती होती. बर्नेट यांनी अंड्यात वारंवार वाढवून सौम्य केलेला जिवंत विषाणू नाकातून देण्याची लस तयार केली. १९४२-४३ मध्ये ऑस्ट्रेलियात तिच्या चाचण्या झाल्या. पण लस अपेक्षेप्रमाणे उपयोगी ठरली नाही.

या काळात त्यांच्या हाती आणखी एक धागा लागला. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिने असतात. एक पेशीच्या कुलपात बसणाऱ्या किल्लीसारखे, त्याला एच म्हणतात. दुसरे बाहेर पडताना चिकटलेले धागे कापणाऱ्या कात्रीसारखे, त्याला एन म्हणतात. एच५एन१ हे नाव यावरूनच आले. कॉलऱ्याच्या जिवाणूतून मिळणारे एक विकर पेशीवरील हे कुलूपच नष्ट करते, हे बर्नेट यांच्या गटाने १९४६-४७च्या सुमारास दाखवले. फ्लूच्या रक्तचाचण्यांत हे विकर आजही वापरले जाते.

कुलपाचा हा मुद्दा साधा वाटला, तरी माणूस आणि पक्षी यांच्यातील भिंत तिथेच आहे. बदकाच्या आतड्यातील कुलूप आणि माणसाच्या नाका-घशातील कुलूप यांची घडण किंचित वेगळी असते. त्यामुळे पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहज लागत नाही. पण किल्लीचे दाते थोडे बदलले, तर ती भिंत पातळ होऊ शकते.

दोन विषाणू एकत्र आले तर काय होते?

आता मुख्य मुद्दा. १९५१ ते १९५६ या काळात बर्नेट आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया लिंड यांनी एक सरळ प्रश्न विचारला. फ्लूचे दोन वेगवेगळे वाण एकाच प्राण्याच्या शरीरात सोडले, तर पुढची पिढी कशी निघेल?

त्यांनी वेगळे गुण असलेले वाण निवडले. उदाहरणार्थ, एक वाण उंदराच्या मेंदूत वाढणारा, दुसरा न वाढणारा. दोन्ही एकत्र दिल्यावर जे नवे विषाणू निघाले, त्यांत काहींकडे एका जनकाचा एक गुण आणि दुसऱ्या जनकाचा दुसरा गुण होता. असे मिश्र वाण क्वचित नव्हे, तर आश्चर्य वाटावे इतक्या वारंवार मिळत होते.

जालना जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. बियाणे उद्योगासाठी हा जिल्हा देशभर ओळखला जातो. एका वाणाचे उत्पादन आणि दुसऱ्या वाणाची रोगप्रतिकारशक्ती एकाच रोपात आणण्यासाठी दोघांचा संकर केला जातो. फ्लूचे विषाणू हेच माणसाच्या मदतीशिवाय करतात. त्यासाठी त्यांना फक्त एकच पेशी लागते आणि त्या पेशीत दोघांनी एकाच वेळी शिरायला हवे.

हे इतके सहज का घडते, याचे उत्तर बर्नेट यांच्याकडे नव्हते. १९६०च्या दशकात कळू लागले की फ्लूची जनुके एका सलग धाग्यात नसून तुकड्यांत असतात. बर्ड फ्लू ज्या ए प्रकारात मोडतो, त्यात असे आठ तुकडे असतात, हे १९७०च्या दशकात स्पष्ट झाले. आठ पानांचे दोन संच एका पिशवीत टाकून हलवले आणि प्रत्येक क्रमांकाचे एक पान काढले, तर दोनाचा आठवा घात म्हणजे २५६ प्रकारचे संच बनू शकतात. त्यातील दोन मूळचे, उरलेले २५४ नवे. सगळे तगत नाहीत, पण तगण्यासाठी एक पुरेसा असतो.

विषाणू बदलण्याचा दुसरा मार्ग संथ आहे. स्वतःची नक्कल काढताना फ्लूचा विषाणू चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. या किरकोळ चुका साचत जातात. म्हणूनच माणसांच्या फ्लूच्या लसीत सतत फेरबदल करावे लागतात. चुकांमुळे विषाणू हळूहळू सरकतो, तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे तो उडी मारतो.

स्वतःच्याच अंगात विषाणू का टोचला?

१९५० मध्ये ऑस्ट्रेलियाने बेसुमार वाढलेले ससे मारण्यासाठी मिक्सोमा नावाचा विषाणू रानात सोडला. नेमक्या त्याच वेळी मरे नदीच्या खोऱ्यात मेंदूज्वराची साथ आली आणि सशांच्या विषाणूमुळेच मुले आजारी पडत आहेत, अशी भीती पसरली. दोन्ही रोगांचे विषाणू पूर्णपणे वेगळे होते. पण लोकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा बर्नेट, त्यांचे सहकारी फ्रँक फेनर आणि विज्ञान संस्थेचे प्रमुख इयान क्लुनीस रॉस या तिघांनी मिक्सोमा विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही. हे १९५१ मध्ये जाहीर झाल्यावर भीती ओसरली.

फेनर यांनी पुढे या विषाणूचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. सुरुवातीला तो लागण झालेल्या जवळपास प्रत्येक सशाला मारत असे. काही वर्षांत रानात थोडे सौम्य वाण वरचढ ठरले, कारण ससा जास्त दिवस जगला तर विषाणूला पसरायला जास्त वेळ मिळतो. विषाणूची उत्क्रांती डोळ्यांदेखत घडताना दाखवणारे हे उदाहरण आजही शिकवले जाते.

फ्लूचे संशोधन त्यांनी का सोडले?

बर्नेट १९४४ ते १९६५ या काळात हॉल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. हार्वर्ड विद्यापीठाने देऊ केलेले पद नाकारून ते मेलबर्नमध्येच राहिले. १९५७ मध्ये त्यांनी संस्थेची दिशाच बदलली. विषाणूंऐवजी रोगप्रतिकारशक्ती हा विषय घेतला. शरीर आपले आणि परके कसे ओळखते, यावरील विचारासाठी १९६० मध्ये त्यांना पीटर मेडावर यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ते ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर या सन्मानाचे पहिले मानकरी ठरले.

याच १९५७ मध्ये आशियात फ्लूची नवी जागतिक साथ सुरू झाली. त्या विषाणूच्या आठपैकी तीन तुकडे पक्ष्यांच्या फ्लूमधून आलेले होते. १९६८च्या साथीच्या विषाणूत असे दोन तुकडे होते. बर्नेट यांनी प्रयोगशाळेत पाहिलेली अदलाबदल निसर्गात खरोखर घडली होती आणि तिने जगभर माणसे मारली होती. पण हा हिशेब लागला तो पुढे जनुके वाचण्याची तंत्रे आल्यावर.

बर्नेट यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले नाहीत. रेणूंच्या पातळीवरील नव्या जीवशास्त्राबद्दल ते साशंक होते. पुढे विषाणूंचा कुळवृत्तांत त्याच शास्त्राने उलगडला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना वाटत होते की संसर्गजन्य रोगांत आता फारसे धक्के उरलेले नाहीत. त्यानंतर काही वर्षांतच इबोला आणि मग एड्स आला.

त्यांच्या आयुष्याची एक काळी बाजू मृत्यूनंतर पुढे आली. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याला गुप्त सल्ला देताना आशियातील दाट लोकवस्तीच्या शेजाऱ्यांविरुद्ध जैविक अस्त्रांचा विचार करण्याची शिफारस केली होती. ही कागदपत्रे १९९८ मध्ये उघड झाली. रोगजंतू कसा पसरतो हे ज्याला नीट कळते, त्याच्या हातातील ज्ञान दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे विसरून चालत नाही.

पत्नी लिंडा यांचे १९७३ मध्ये निधन झाले. बर्नेट यांनी १९७६ मध्ये हेझल जेन्किन यांच्याशी विवाह केला. ३१ ऑगस्ट १९८५ रोजी पोर्ट फेरी येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ८६वा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

मग बदकांचा शोध कोणी लावला?

बर्नेट यांच्या तालमीत घडलेले फेनर कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत गेले. त्याच विद्यापीठात रॉबर्ट वेबस्टर आणि ग्रॅम लेव्हर हे दोन तरुण फ्लूवर काम करू लागले. १९६०च्या दशकात समुद्रकिनाऱ्यावर फिरताना त्यांना मेलेले समुद्रपक्षी दिसले आणि हे फ्लूने तर मेले नसतील, अशी शंका आली. पुढे ग्रेट बॅरियर रीफवरील बेटांवर जाऊन त्यांनी पक्ष्यांचे नमुने घेतले आणि त्यांत फ्लूचा विषाणू सापडला.

त्यानंतर वेबस्टर यांनी जंगली बदकांकडे लक्ष वळवले. १९७०च्या दशकात स्पष्ट झाले की बदकांमध्ये हा विषाणू प्रामुख्याने आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि तेच पाणी पिणाऱ्या दुसऱ्या बदकाला मिळतो. थंड पाण्यात तो बरेच दिवस टिकतो. पाणपक्ष्यांमध्ये एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार आढळतात. बदक मात्र बहुधा आजारी दिसत नाही. बर्नेट यांच्या पोपटांची गोष्ट इथे पुन्हा समोर आली.

पाळीव बदकांमुळे धोका कसा वाढतो?

जंगली बदके विखुरलेली असतात. पाळीव बदके हजारांच्या संख्येने एकत्र असतात. आशियात अनेक ठिकाणी भात कापल्यावर सांडलेले दाणे आणि किडे खाण्यासाठी त्यांचे कळप शेतात सोडतात. त्याच पाण्यावर जंगली बदके उतरतात आणि संध्याकाळी कळप गावातील कोंबड्यांजवळ परततो. एका बाजूला रानटी पक्षी, दुसऱ्या बाजूला कोंबडी आणि मध्ये पाळीव बदक. दोन विषाणूंची गाठ पडायला याहून सोयीची जागा नाही. थायलंडमधील अभ्यासात बर्ड फ्लूचा प्रसार कोंबड्यांच्या संख्येपेक्षा बदकांची संख्या आणि भाताच्या पिकांशी अधिक जुळलेला आढळला.

कोंबडीत शिरल्यावर आणखी एक बदल घडू शकतो. एच हे प्रथिन कामाला लागण्यासाठी त्याला एका ठिकाणी काप द्यावा लागतो. सौम्य विषाणूत हा काप श्वसनमार्ग आणि आतड्यातील विकरेच देऊ शकतात, म्हणून आजार तेवढ्यापुरता राहतो. एच५ आणि एच७ प्रकारांत त्या जागी काही घटक वाढले की काप शरीरात कुठेही बसतो. मग विषाणू सर्व अवयवांत पसरतो आणि एक-दोन दिवसांत सगळे खुराडे रिकामे होऊ शकते.

१९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसात असा एच५एन१ सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याच्या वंशातील विषाणूने १८ जणांना आजारी पाडले, त्यातील सहा दगावले. त्या विषाणूत एचचे जनुक हंसाकडून आलेले होते, तर इतर तुकडे बटेर आणि बदकांच्या फ्लूशी जुळत होते. म्हणजे पुन्हा संकरच. पुढील काळात या वंशाच्या काही वाणांनी बदकेही मारली, तर काही वाण बदकांत गुपचूप राहून अनेक दिवस विष्ठा आणि लाळेतून पसरत राहिले. तेव्हापासून या वंशाला इतक्या शाखा फुटल्या आहेत की शास्त्रज्ञ त्यांना २.२ किंवा २.३.४.४बी असे क्रमांक देतात.

महाराष्ट्रात काय घडले?

२००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो रानटी पक्षी मेले. त्या विषाणूची २.२ ही शाखा पश्चिमेकडे पसरली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये ती आढळली. भारतातील बर्ड फ्लूची ही पहिली नोंद. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि नवापूरचा व्यवसाय कोलमडला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील गावांत परसातील कोंबड्यांमध्ये लागण झाली. जालना जिल्ह्याची उत्तर सीमा जळगावला लागूनच आहे.

२०१४ मध्ये केरळच्या कुट्टनाड भागात पाळीव बदकांत मोठा उद्रेक झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या आणि भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. २०२५च्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यातील उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांत, तर नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात दगावलेल्या तीन वाघ आणि एका बिबट्यात हा विषाणू सापडला. अमेरिकेत मार्च २०२४ पासून तो दुभत्या गाईंमध्येही दिसू लागला. यजमानांची यादी वाढते आहे, हीच खरी चिंतेची बाब आहे.

हीच युक्ती माणसाच्या उपयोगाची कशी?

तुकड्यांच्या अदलाबदलीचा फायदाही घेता येतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आल्यावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकातून देण्याची लस आणली. तिचा विषाणू अंड्यात वाढवला होता. रशियात आधीच सौम्य केलेल्या जुन्या वाणाच्या तुकड्यांना नव्या विषाणूचे एच आणि एन जोडून तो बनवला होता. म्हणजे सौम्यपणा एकाचा, ओळख दुसऱ्याची. बर्नेट यांची युद्धकाळातील नाकावाटे देण्याची लस फसली होती. त्यांनीच पाहिलेल्या संकराच्या आधारे ती कल्पना पुढे उभी राहिली.

राजूरसारख्या गावासाठी याचा अर्थ काय?

हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर आणि लहान-मोठ्या तलावांवर स्थलांतरित बदके उतरतात. ती आली म्हणजे रोग आला असे नाही आणि त्यांना हुसकावण्याचीही गरज नाही. त्यांचे पाणी आणि आपल्या कोंबड्या यांच्यात अंतर ठेवले की विषाणूंच्या भेटीची संधी कमी होते.

* कोंबड्यांना तलावाचे किंवा डबक्याचे पाणी देऊ नका. झाकलेले, स्वच्छ पाणी द्या.
* बदके आणि कोंबड्या एकाच खुराड्यात ठेवू नका.
* बाजारातून आणलेला पक्षी लगेच कळपात सोडू नका. काही दिवस वेगळा ठेवा.
* अचानक अनेक कोंबड्या मेल्या, तर त्या उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका, हातही लावू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.
* चिकन आणि अंडी पूर्ण शिजवून खाल्ल्यास विषाणू मरतो. अर्धकच्चे खाणे टाळा.

कळवले तर सगळ्या कोंबड्या मारतील, ही भीती अनेकांच्या मनात असते आणि ती निराधार नाही. लागण सिद्ध झाल्यास ठरावीक परिसरातील पक्षी मारले जातात. पण सरकारी भरपाई ही अशा मारलेल्या पक्ष्यांसाठीच असते. लपवून ठेवल्यावर रोगाने मेलेल्या कोंबडीचे काहीच मिळत नाही आणि तोवर विषाणू शेजाऱ्याच्या खुराड्यात पोहोचलेला असतो.

बर्नेट यांच्या प्रयोगातून निघणारा हिशेब इतकाच आहे. एकटा विषाणू हळूहळू बदलतो, दोन एकत्र आले तर एका रात्रीत नवा वाण तयार होऊ शकतो. बदकांचे उडणे आपण थांबवू शकत नाही. पण आपल्या परसात त्या दोघांची गाठ पडू न देणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.